थिबा राजाची नात, दरवानाची लेक: रत्नागिरीच्या टुटूला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

रत्नागिरी फिरून आलेल्या माणसाच्या फोनमध्ये भाट्याचा समुद्र असतो, माशांचं ताट असतं आणि थिबा पॅलेससमोरचा एक फोटो असतोच असतो. तो फोटो टाकला की खाली कुणीतरी आठवण काढतं, "इथल्या राजकन्येची आणि दरवानाची लव्हस्टोरी माहितीये का?" मग रील बनतात. राजवाडा, खिडकीत उभी राजकन्या, खाली पहाऱ्यावरचा तरुण, मागे सॅड म्युझिक.

एक छोटीशी अडचण आहे. थिबा पॅलेस बांधून झाला आणि राजाचं कुटुंब तिथे राहायला गेलं ते १९१० मध्ये. राजकन्येची आणि दरवानाची मुलगी टुटू जन्मली १९०६ च्या सुमारास. म्हणजे रीलमधलं ते खिडकीतलं प्रेम जमलं तेव्हा ती खिडकीच नव्हती.

पण खरी गंमत वेगळीच आहे. या गोष्टीवरच्या कमेंट वाचल्या तर टुटूचा उल्लेख करताना प्रत्येकाची बोटं अडखळलेली दिसतात. अर्धी बर्मी? मिक्स? संकरित? अनौरस? बर्मा आणि कोकण एकाच अंगणात वाढलेल्या मुलीसाठी मराठीत साधा, न टोचणारा शब्द का नाही? तो सापडत नाही याचं कारण टुटूच्याच गोष्टीत आहे.

बर्म्याचा राजा कोकणात कसा?

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि बर्म्याचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केलं. आधी मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. कैद्याला जगापासून तोडायचं तर जागा उत्तम होती. समोर समुद्र, मागे सह्याद्री, आणि रेल्वे म्हणाल तर ती यायला अजून शंभरेक वर्षं होती. सोबत राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण आणि राजाची दुसरी राणी सुपयागले, आणि मुली. एकूण चार राजकन्या. चौथी तर रत्नागिरीतच जन्मली.

थोरली राजकन्या म्यात फया जी आली तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिचं बालपण, तारुण्य सगळं पहाऱ्यात गेलं. दारावरच्या दरवानाचं नाव गोपाळ भाऊराव सावंत. तो आधीच विवाहित होता. या दोघांची मुलगी टुटू.

आता प्रेमात पडायला दरवानच का, हा प्रश्न रीलवाल्यांना पडत नाही, कारण त्यांना प्रेम आंधळं हवं असतं. पण जरा हिशोब मांडून बघा. बर्मी राजघराण्यात राजरक्त बाहेर जाऊ नये म्हणून सावत्र भावाबहिणींची लग्नं होत. थिबा आणि सुपयालत दोघंही मिंदोन राजाचीच अपत्यं, आया वेगळ्या. म्हणजे या मुलींना वर हवा तर राजरक्ताचा हवा. आणि राजरक्ताचे तरुण कुठे होते? थिबा गादीवर आल्यानंतर १८७९ मध्ये गादीवर हक्क सांगू शकतील अशा भाऊबंदांची डझनावारी कत्तल झाली होती. उरलेसुरले बर्म्यात, आणि मध्ये इंग्रजांचा पहारा. शुद्धतेचा नियम घरात पाळला जात होता, पण तो पाळून लग्न करावं असा माणूसच जवळपास शिल्लक नव्हता.

दुसऱ्या वंशाच्या माणसाबद्दलचं आकर्षण म्हटलं की आपल्याला काहीतरी गूढ, विदेशी, मसालेदार वाटतं. प्रत्यक्षात माणूस बहुतेक वेळा त्याच्याच प्रेमात पडतो जो रोज दिसतो. मुंबईतल्या आयटी कंपनीत, बंदरावर, मिशनच्या दवाखान्यात, आखातातल्या एखाद्या साइटवर आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रत्नागिरीतल्या एका बंगल्याच्या दारावरही.

आणखी एक तपशील, जो रीलमध्ये कधीच येत नाही. दुसऱ्या राजकन्येने लग्न केलं ते राजाच्या पदरी असलेल्या खिन माउंग जी याच्याशी. तो बर्मीच होता, बौद्धच होता. तरी आई-वडिलांचा विरोध झाला, राणीने तिला कधी माफ केलं नाही आणि ते जोडपं शेवटी कलिम्पाँगला जाऊन राहिलं. उलट टुटू आजी-आजोबांच्या घरात वाढली. म्हणजे या घराचा मुख्य प्रश्न "मराठी की बर्मी" हा नव्हताच. राजरक्त आहे की नाही, एवढाच होता. वंशाच्या गोष्टीत दर्जा असा गुपचूप येऊन बसतो.

एक मुलगी, चार वह्या

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीतच वारला. १९१९ मध्ये कुटुंबाला बर्म्याला परतायची परवानगी मिळाली आणि टुटूही सोबत गेली. पण थोरली राजकन्या लेकीला घेऊन थोड्याच काळात रत्नागिरीला परत आली आणि पुढे १९४७ मध्ये इथेच वारली. टुटू रत्नागिरीत मोठी झाली, पवारांच्या घरात सून म्हणून गेली, मराठी बोलली, मोठा संसार केला. गोवऱ्या थापून विकल्या, कागदाची फुलं करून विकली. २००० साली ती गेली. अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आली तेच हे वर्ष. या कुटुंबाची खरी हकीकत सविस्तर हवी असेल तर सुधा शहा यांचं २०१२ मधलं 'द किंग इन एग्झाइल' वाचा.

आता ही एकच बाई वेगवेगळ्या वह्यांत कशी नोंदली जाईल बघा. मंडालेच्या वहीत ती राजाची नात, पण बाप दरवान. सावंतांच्या वहीत गोपाळची मुलगी, पण घरच्या लग्नाच्या बायकोची नाही. पवारांच्या वहीत सून. बर्मी भाषेत अशा मुलांसाठी 'कब्या' हा शब्द आहे, अर्थ मिश्र रक्ताचा. त्याच भाषेत आपल्यासारख्या दिसणाऱ्यांना 'कला' म्हणतात आणि तो काही प्रेमाने वापरला जाणारा शब्द नाही. म्हणजे रंगूनला राहिली असती तर शिवी तिथेही तयार होती.

मराठीतले शब्द वजन-काट्यावरचे

आपल्याकडे शब्दांची कमतरता मुळीच नाही. अडचण अशी की ते सगळे मोजमापाचे आणि मालमत्तेचे आहेत.

'अक्करमाशी' घ्या. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ च्या आत्मकथनामुळे हा शब्द सगळ्यांना माहीत झाला. एका तोळ्याचे बारा मासे. अक्करमाशी म्हणजे अकरा माशांचा, एक मासा कमी भरलेला, खोटा. पूर्ण भरला तो बारामाशी. माणसाच्या जन्माचा न्याय सोनाराच्या तराजूवर! 'कडू' म्हणजे लग्नाबाहेरची संतती. 'लेकवळा' म्हणजे बटकीच्या पोटचा. विदर्भात 'विदूर' अशी एक जातच नोंदली गेली, ब्राह्मण बाप आणि इतर जातीची आई यांच्या वंशजांची. यातला एकही शब्द मूल दिसतं कसं, बोलतं काय, कोणत्या दोन घरांतलं जेवण जेवतं याबद्दल काही सांगत नाही. त्याला वाटा मिळणार की नाही, पंगतीत बसवायचं की नाही, एवढंच सांगतो.

'संकर' हा शब्द आज आपण गाईला आणि ज्वारीला वापरतो, पण 'वर्णसंकर' म्हणून तो मुळात माणसांसाठीच होता. त्यातही एक बारकावा आहे. बाप वरच्या वर्णाचा आणि आई खालच्या असेल तर 'अनुलोम', म्हणजे निदान चालवून घेण्यासारखं. आई वरची आणि बाप खालचा असेल तर 'प्रतिलोम', म्हणजे घोर. मनुस्मृतीने ब्राह्मण आई आणि शूद्र बापाच्या मुलाला चांडाळ ठरवलं ते याच तर्काने. राजकन्या आणि दरवान ही जोडी रीलवर गोड वाटते. पण त्या जुन्या हिशोबात तीच सगळ्यात वाईट.

परकीय भाषांना नावं ठेवायला मात्र जाऊ नका, तिथेही तेच आहे. 'मुलाटो' हा शब्द बहुतेकांच्या मते खेचरावरून आलेला. 'हाफ-कास्ट' मधला 'कास्ट' तर पोर्तुगीज 'कास्टा' वरून आला, ज्या शब्दाने त्यांनी आपल्या जातींचं वर्णन केलं. म्हणजे इंग्रजांनी गोऱ्या-काळ्याच्या मुलांना जे नाव ठेवलं, त्यात आपली जातव्यवस्था आधीच बसलेली होती.

बाप कोण, आई कोण, विचारणारा कोण

हा फक्त शिव्यांचा विषय असता तर सोडून दिला असता. पण शब्द कायद्यात जातो तेव्हा त्यावर हक्क ठरतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३६६(२) मध्ये 'अँग्लो-इंडियन' ची व्याख्या आहे. बाप किंवा बापाच्या बाजूचा एखादा पुरुष पूर्वज युरोपीय हवा. आई युरोपीय आणि बाप भारतीय असेल तर मूल अँग्लो-इंडियन नाही, केवळ भारतीय. या व्याख्येवर लोकसभेत दोन नामनियुक्त जागांची तरतूद उभी होती, ती जानेवारी २०२० मध्ये संपली.

आता बरोब्बर उलटा हिशोब बघा, तोही कोकणातलाच. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं असं सांगणारे बेने इस्रायल. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली'. त्यांच्यातही 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असे दोन भाग होते. स्थानिक बायकांपासून झालेली संतती ती काळी, असं समजलं जायचं, आणि गोरे काळ्यांशी सोयरीक करत नसत.

पुढे यातले बरेच जण इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य धर्मगुरूंच्या कार्यालयाने यांची इतर ज्यूंशी लग्नं लावण्याआधी वंशावळ, विशेषतः आईच्या बाजूची, तपासायला सांगितलं. कारण ज्यू धर्मात मूल आईवरून ज्यू ठरतं. कोकणात एकमेकांना गोरे-काळे म्हणणारे सगळेच तिथे एका रांगेत संशयित झाले. मोठी आंदोलनं झाली. १९६४ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत.

एकीकडे बापाकडून मोजणी, दुसरीकडे आईकडून. रक्त तेच, उत्तर वेगळं. जनुकशास्त्र याबद्दल काय म्हणतं ते एका वाक्यात सांगता येईल. हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की आजच्या भारतातले जवळजवळ सगळे समूह साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झालेल्या सरमिसळीतून आले आहेत. त्यामुळे 'बारामाशी' असा कुणी शोधायला निघालात तर आधारकार्डं संपतील.

मग वराडकर आपले कसे झाले?

जून २०१७ आठवतो का? लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि मराठी बातम्यांत कौतुकाची लाट आली. वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आई आयरिश. लिओंचा जन्म डब्लिनचा, वाढले तिथेच. तरी आपल्यासाठी ते लगेच 'कोकणचे सुपुत्र'. आणि गंमत म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. त्याआधी वराड हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातच होतं.

त्यांना कुणी 'मिक्स' म्हटलं नाही, 'अर्धे' म्हटलं नाही. आडनाव वडिलांचं, पद पंतप्रधानाचं, आई गोरी. तिन्ही खाती जमेची. त्याच जुन्या जिल्ह्यातली टुटू, वडील सावंत, आयुष्यभर मराठी, पण हातात गोवऱ्या आणि चेहरा पूर्वेचा. तिच्याबद्दल लिहिताना मात्र आपण अजूनही शब्द चाचपडतो. कोकणात घाऱ्या डोळ्यांचं कौतुक किती, आणि समुद्रापलीकडून आलेल्या पूर्वजांच्या कहाण्या किती अभिमानाने सांगतात, हे वेगळं सांगायला नको. सरमिसळ कुणाशी झाली यावर ती शान की डाग हे ठरतं. तेच आज रीलखाली दिसतं. युरोपातली सून नऊवारी नेसून भाकरी थापते, तिला हजारो हार्ट. मणिपूरची सून तेच करते, तर पहिल्या दहा कमेंटमध्ये 'चिंकी' येतोच. आफ्रिकन जावई असेल तर कमेंट न वाचलेल्याच बऱ्या.

म्हणून कॅप्शन लिहिताना अडलात तर एक साधा उपाय आहे, जो कोकणातली कुठलीही आजी वापरते. ती अनोळखी पोराला वंश विचारत नाही, "कुणाचा रे तू?" विचारते. उत्तरात दोन्ही नावं लिहा. 'आई बर्मी, वडील मराठी.' 'वडील मालवणचे, आई आयरिश.' दोन शब्द जास्त लागतात, पण त्यात तराजू नाही आणि खेचरही नाही. ज्याच्याबद्दल लिहिताय तो माणूस हयात असेल आणि स्वतःला काही वेगळं म्हणवून घेत असेल, तर तोच शब्द वापरा. आणि टुटूवर रील करणार असाल तर तेवढी ती राजवाड्याची खिडकी काढून टाका.