नागीण गेली, दुखणे मात्र राहिले

"नागीण तर कधीच सुकली, आता काय दुखतंय?" हा प्रश्न आमच्या घरात तीन-चार महिने विचारला जात होता. विचारणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हा लेख.

माझ्या थोरल्या वहिनींचे वय तेव्हा ७१. उजव्या बरगडीखाली आधी नुसतीच आग होत होती. आधी गॅस झाला म्हणून ओवा दिला, मग पित्ताशयात खडा असेल म्हणून सोनोग्राफी केली. चौथ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या काकू म्हणाल्या, मकडी फिरली आहे. आमच्या आत्याबाईंनी मात्र एका नजरेत नागीण ओळखली आणि गेरूचा लेप सुरू केला. डॉक्टरांकडे जाईपर्यंत आठवडा उलटला होता. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या आणि आम्ही सुटलो असे समजलो. वहिनी मात्र पंखा बंद करायला सांगत, घट्ट ब्लाउज घालीनाशा झाल्या, थंडीत स्वेटर अंगाला लागला तरी कळवळत. आम्हाला वाटे, वयामुळे चिडचिड वाढली आहे.

मी काही डॉक्टर नाही, जन्म बँकेत आकडे तपासण्यात गेला. पण या दुखण्याबद्दल त्यानंतर जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते आपल्या माधवनगर-फ्रीगंजमधल्या घरांतून माहीत असावे असे वाटते. आपल्या समाजात साठी ओलांडलेली मंडळी पुष्कळ आहेत.

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या होतात, ज्यांना इकडे छोटी माता म्हणतात, त्यांचाच हा विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्याजवळ नसांच्या मुळाशी ज्या गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले किंवा काही आजाराने, औषधाने प्रतिकारशक्ती उतरली, की तो जागा होतो आणि एका नसेतून कातडीकडे निघतो. इंग्लंडमधल्या सायरेनसेस्टर गावचे एक साधे फॅमिली डॉक्टर होप-सिम्पसन यांनी आपल्याच रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदी ठेवून हा विचार १९६५ साली मांडला. नीट ठेवलेल्या वहीचे महत्त्व बँकवाल्याला वेगळे सांगायला नको!

विषाणू एकाच नसेतून येतो म्हणून फोड शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात. नागिणीची दोन्ही तोंडे जुळली की माणूस जातो, ही भीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यात तथ्य नाही. डाव्या बाजूची नस डावीकडची, उजवीची उजवीकडची. पट्टा सहसा मधली रेघ ओलांडतच नाही. अंगभर फोड पसरले तर मात्र प्रतिकारशक्तीचे काहीतरी बिघडले आहे असे समजून लगेच डॉक्टर गाठावा.

आता मागे राहणाऱ्या दुखण्याबद्दल. विषाणू नसेतून जाताना तिला सूज आणतो आणि इजा करतो. हेन्री हेड आणि कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी १९०० साली नागीण झालेल्या २१ जणांच्या शवविच्छेदनातून नसांच्या मुळाशी झालेली ही नासधूस प्रत्यक्ष दाखवली होती. कातडी नवी येते, नस तितक्या सहजी भरून येत नाही. जखमी नस कारण नसताना मेंदूकडे संदेश पाठवत राहते. तिकडे पाठीच्या कण्यातली यंत्रणाही इतकी हळवी होते, की साधा स्पर्श वेदना म्हणून नोंदला जातो. खाते बंद केले तरी व्याज लागतच राहावे, तसा हा प्रकार.

पुरळ उठल्यापासून तीन महिने उलटले तरी दुखणे राहिले, तर डॉक्टर त्याला नागिणीनंतरचे मज्जातंतूचे दुखणे म्हणतात. इंग्रजी नाव पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया. नागीण झालेल्यांपैकी साधारण १० ते १८ टक्के लोकांना ते होते, आणि वय जास्त तसा धोका जास्त. पुरळ फार असेल किंवा सुरुवातीलाच वेदना तीव्र असेल तरीही धोका वाढतो.

याची तपासणी कशी करतात, हे वहिनींच्या वेळी मी समोर बसून पाहिले. डॉक्टरांनी टेबलावरचा कापसाचा बोळा घेतला. वहिनींना डोळे मिटायला सांगून आधी डाव्या बाजूला, निरोगी कातडीवर फिरवला. "कापूस आहे," वहिनी म्हणाल्या. मग उजवीकडे तोच बोळा, तितकाच हलका. वहिनींनी डॉक्टरांचा हात धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही चार महिने ज्याला चिडचिड म्हणत होतो, ते दोन मिनिटांत समोर दिसले. मला त्या दिवशी फार ओशाळल्यासारखे झाले.

पुढे त्यांनी थंड धातू लावून पाहिला, बोथट टोकाने हलके टोचून पाहिले. गंमत अशी, की काही ठिकाणी टोचलेले वहिनींना कळतच नव्हते आणि शेजारीच कापूस सहन होत नव्हता. बधिरपणा आणि अतिहळवेपणा एकाच पट्ट्यात सापडणे हीच नसेच्या दुखण्याची खूण. यासाठी डीएन-फोर नावाची दहा मुद्द्यांची प्रश्नावली आहे. त्यात विचारतात, की आग होते का, बोचरी थंडी वाटते का, विजेचा झटका बसल्यासारखे होते का. मुंग्या, टाचण्या टोचल्याची भावना, बधिरपणा, खाज आहे का. हे सात प्रश्न. उरलेले तीन मुद्दे डॉक्टर स्पर्श करून तपासतात. दहापैकी चार किंवा अधिक आले तर दुखणे नसेचे असण्याची शक्यता बरीच. गुण म्हणजे निकाल नव्हे, पण निव्वळ "दुखतंय" या शब्दापेक्षा बरेच अधिक कळते.

बहुतेक वेळा एवढी तपासणी आणि पुरळाचा इतिहास पुरतो. एमआरआय किंवा नसांची विजेवरची तपासणी सरसकट लागत नाही. विषाणूविरुद्धच्या जुन्या प्रतिपिंडांची म्हणजे आयजीजीची रक्ततपासणी तर या कामी निरुपयोगी आहे. लहानपणी कांजिण्या झालेल्या जवळपास प्रत्येकाची ती पॉझिटिव्हच येणार. मात्र पुरळ कधी उठलेच नसेल, हातापायात ताकद कमी झाली असेल, लघवीची तक्रार असेल किंवा दुखणे पट्ट्याच्या बाहेर पसरत असेल, तर पुढच्या तपासण्या हव्यातच. डाव्या छातीत दुखत असेल तर नागीण झाली होती म्हणून गप्प बसू नये, आधी ईसीजी काढावा. औषध सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन मात्र तपासून घ्यावे, कारण यातल्या काही गोळ्यांची मात्रा मूत्रपिंडाच्या ताकदीवर ठरते.

घरच्यांनी करण्यासारखे एक काम आहे, ते म्हणजे वही. दुखणे शून्य ते दहापैकी किती, सकाळी किती, रात्री किती, कशाने वाढते, हे रोज दोन ओळींत लिहावे. कशाने वाढते यात बनियन, जानवे, पंख्याचा वारा, गाडीचा पट्टा असले काहीही येते. झोप किती लागली हेही लिहावे. डॉक्टरांना पाच मिनिटांत यातून जे कळते ते आपल्या सांगण्यातून कळत नाही. सुया टोचून घरी प्रयोग करू नयेत, विशेषतः मधुमेह असेल तर.

उपचारात साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, हे ऐकून नवल वाटेल. नसेला शांत करणारी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा रात्री थोड्या मात्रेत अॅमिट्रिप्टिलिन अशी औषधे देतात. मात्रा हळूहळू वाढवतात आणि बंदही हळूहळूच करायची असते. झापड येते, तोल जातो. रात्री बाथरूमला जाताना दिवा लावावा. प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर अॅमिट्रिप्टिलिनपूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लिडोकेनची पट्टी कातडी पूर्ण भरून आल्यावरच लावायची, दिवसातून बारा तास. वहिनींचे दुखणे आठावरून तीनवर यायला पाच महिने लागले. शून्यावर अजून आलेले नाही, पण त्या आता स्वेटर घालतात.

नव्याने फोड उठले तर पहिले ७२ तास महत्त्वाचे. असायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविर तेवढ्या वेळात सुरू झाले तर पुरळ लवकर आवरते आणि सुरुवातीची वेदना कमी होते. पुढे दुखणे राहणारच नाही याची हमी ते औषध देत नाही, पण आठवडा गेरूत घालवण्यापेक्षा ते निश्चित बरे. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, दृष्टीचा प्रश्न असतो. फोड ओले असेपर्यंत ते झाकून ठेवावेत आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांच्यापासून दूर राहावे. त्यांना नागीण नाही, पण कांजिण्या होऊ शकतात.

लसही आहे. शिंग्रिक्स २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीनंतरच्यांसाठी, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. मोठ्या चाचणीत पन्नाशीवरील लोकांत तिने नागिणीपासून ९७ टक्के संरक्षण दिले, सत्तरीनंतरही ते ९० टक्क्यांच्या आसपास होते. सरकारी लसीकरणात ती नाही आणि किंमत पेन्शनरांनी दोनदा विचार करावा अशी आहे. सुरू असलेले दुखणे तिने बरे होत नाही. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती बरे झाल्यावर घेता येते. मी आणि माझ्या पत्नीने दोन्ही डोस घेतले. दंड दोन दिवस दुखला, एक रात्र कणकण होती.