विमान चौघांचे, करार एक

महाडजवळ सावित्रीच्या काठी वसलेले सव हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखले जाते. हीच सावित्री पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि या जलमार्गामुळे महाड हे एके काळी बंदर म्हणून नांदत होते. जहाज ही बहुधा एकट्याच्या ऐपतीबाहेरची वस्तू. म्हणून ते हिश्शाने घेण्याची रीत व्यापारी जगात फार जुनी आहे. इंग्लंडच्या कायद्याने जहाजाचे ६४ हिस्से मानले, तर भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने १०. हिस्सा कोणाचा व किती, हे कागदावर असल्याखेरीज समुद्रावरचा व्यवहार चालत नसे.

आज हाच प्रश्न छोट्या विमानाच्या बाबतीत उभा राहतो. इंग्लंड-अमेरिकेत दोन, चार किंवा अधिक मित्र मिळून चार आसनी विमान घेतात व आळीपाळीने वापरतात. आपल्याकडे अशी उदाहरणे विरळा. तथापि पोकलेन, टँकर, मालट्रक किंवा गोदाम चौघांत घेणारी कुटुंबे महाड-पोलादपूरच्या बाजारपेठेतही आढळतील. वस्तू बदलते; वादाची कारणे बदलत नाहीत. विमानाचा करार त्यांतला सर्वांत काटेकोर, म्हणून तो समजून घेणे उपयुक्त ठरते.

वालचंदांचा धडा

विमान आणि भागीदारी यांचा विचार करताना सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. २३ डिसेंबर १९४० रोजी त्यांनी म्हैसूर संस्थानच्या सहभागाने बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. अधिकृत भांडवल ४ कोटी रुपये, भरणा झालेले ४० लाख. मार्च १९४१ मध्ये भारत सरकार भागधारक झाले. भरणा भांडवल ७५ लाखांवर गेले व त्यातील एक तृतीयांश सरकारचे झाले. युद्ध पेटलेले होते. १९४२ मध्ये सरकारने कारखान्याचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले आणि वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. ज्याने कल्पना मांडली व पदरचा पैसा घातला, तो दोन वर्षांच्या आत बाहेर पडला.

भागीदारीत शिरताना सर्वजण नफ्याचा विचार करतात. बाहेर पडण्याचा विचार मात्र त्याच दिवशी, मने स्वच्छ असताना, व्हावयास हवा. पुढे तो करावा लागतो तेव्हा मने तशी राहिलेली नसतात.

करारात काय असावे

पहिले कलम हिश्शाचे. समजा, ४० लाखांची वस्तू चौघांनी प्रत्येकी १० लाख घालून घेतली. ही रक्कम व्यक्तीची, पेढीची की एकत्र कुटुंबाची, हे स्पष्ट लिहावे. एकत्र कुटुंब हे स्वतः भागीदार होऊ शकत नाही. कर्ता वैयक्तिक नात्याने होतो. या एका वाक्याच्या अभावी पुढच्या पिढीत भावाभावांत तंटे उभे राहतात.

दुसरे कलम खर्चाचे. विमा, जागाभाडे, वार्षिक तपासणी हा स्थिर खर्च वापर असो वा नसो, हिश्शाप्रमाणे सर्वांनी द्यावा. तो वर्षाला ४,८०,००० असेल तर प्रत्येकी दरमहा १०,००० रुपये होतात. इंधनाचा खर्च मात्र ज्याचा वापर, त्याचा. याखेरीज मोठ्या दुरुस्तीचा निधी हवा. छोट्या विमानांच्या प्रचलित इंजिनांची संपूर्ण दुरुस्ती साधारण २,००० तासांनी करावी, असे उत्पादक सुचवतात. त्या कामास २० लाख लागतील असे धरले, तर प्रत्येक तासामागे १,००० रुपये वेगळ्या खात्यात जमा व्हावेत आणि ते खाते दोघांच्या सहीने चालावे.

तिसरे कलम वापराचे: कोणाचा आठवडा कोणता, सणासुदीत अग्रक्रम कोणाचा, चालक कोण.

चौथे कलम निर्गमनाचे, आणि तेच कळीचे. बाहेर पडणाऱ्याने किती दिवसांची सूचना द्यावी, किंमत कोणत्या मूल्यांककाने ठरवावी, इतर भागीदारांना प्रथम खरेदीचा हक्क किती दिवस असावा, रक्कम किती हप्त्यांत द्यावी, हे सारे आकड्यांत असावे. भागीदाराचे निधन झाल्यास वारसांना वस्तू मिळेल की किंमत, हेही लिहावे. वाद झाल्यास १९९६ च्या कायद्यानुसार लवाद नेमण्याची तरतूद असावी.

पैसा कोठे वाचवावा, कोठे नाही

असा करार करण्यास मोठा खर्च येतोच असे नाही. वकिलाकडे कोरे मन घेऊन गेल्यास त्याचा वेळ आपली मते जुळविण्यातच जातो. चौघांनी एकत्र बसून वरील प्रश्नांची उत्तरे साध्या मराठीत दोन पानांवर लिहावीत आणि मगच वकील व सनदी लेखापाल यांना दाखवावीत. निम्मे काम घरीच होते.

केवळ स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेतली तर ती सहमालकी होय. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार केवळ सामाईक मालमत्तेचे उत्पन्न वाटून घेतल्याने कोणी भागीदार ठरत नाही. परंतु ती वस्तू भाड्याने देऊन एकत्र धंदा सुरू केला, तर भागीदारी पेढीची नोंदणी अवश्य करावी. नोंदणी नसलेल्या पेढीला करारापोटी येणे असलेल्या रकमेसाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावता येत नाही. विमानाबाबत तर खासगी वापरासाठी नोंदलेले विमान भाड्याने देताच येत नाही. त्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा स्वतंत्र परवाना लागतो.

मुद्रांक शुल्कात मात्र काटकसर नको. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक आला. कोणत्या दस्तास किती शुल्क, हे आधी विचारून घ्यावे. कारण अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त दंड भरेपर्यंत न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही.

विम्याचेही तसेच. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी यंत्र चौघांचे आणि विमापत्र एकाच्या नावावर, अशी स्थिती असेल, तर उरलेल्या तिघांनी भरपाई कोणाकडे मागावी? विमापत्रावर सर्व मालकांची नावे व त्यांचे हिस्से असणे, हाच त्याचा उपाय.

घरच्यांत कागद कशाला, असे अनेकदा म्हटले जाते. वस्तुतः कागद हा अविश्वासाचा पुरावा नव्हे. आज जे चौघे परस्परांना ओळखतात, त्यांच्या मुलांना उद्या एकमेकांशी बोलावयाचे असते. वडिलांनी काय ठरविले होते, हे त्यांना आठवणीतून शोधावे लागू नये, यासाठी ती दोन पाने असतात.