अपघातग्रस्त वाहनांतून सुटका : हातअवजारांमागील यंत्रशास्त्र

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक, नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस डाव्या अंगावर कलंडली व पेटली. दरवाजा त्याच अंगास असल्याने तो खाली दाबला गेला. पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. जे थोडे वाचले त्यांतील काहीजण काच फोडून बाहेर आले होते. पोलादी खांब कापणारी द्रवदाबाची यंत्रे अग्निशामक दलाबरोबर येतात. ती येईपर्यंत मदार हातअवजारांवरच असते. प्रत्येक हातअवजार विशिष्ट पदार्थासाठी घडविलेले असते आणि पदार्थ बदलला की ते निकामी ठरते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम काच घेऊ. बाजूच्या खिडक्यांची काच बहुधा टेम्पर्ड असते. लोहार पोलादास पाणी देतो तसाच हा प्रकार. मात्र येथे सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापविलेली काच हवेच्या झोतांनी एकदम निवविली जाते. पृष्ठभाग आधी घट्ट होतो. गाभा मागाहून आकसू लागतो तेव्हा तो पृष्ठास आत ओढतो. परिणामी पृष्ठ कायम दाबाखाली व गाभा कायम ताणाखाली राहतो. दाबाखालील थर प्रत्येक बाजूस एकूण जाडीच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका असतो. मुठीचा वा कोपराचा तडाखा मोठ्या क्षेत्रावर विखुरतो आणि हा थर भेदला जात नाही. टंगस्टन कार्बाइडचे टोक असलेला स्प्रिंगचा पंच तुलनेने अल्प जोर एका बिंदूवर एकवटतो. तडा गाभ्यापर्यंत पोहोचला की पुढचे काम काचेत साठलेली ऊर्जाच करते व क्षणार्धात सबंध काचेचे बारीक तुकडे होतात. आघात कोपऱ्याजवळ करावा. मध्यभागी काच लवते व आघात पचविते. वाहन पाण्यात बुडाले असल्यास हातोडी फिरविणे कठीण जाते, पंचाला ती अडचण नाही. (बसमधील हातोडी जागेवर आहे किंवा कसे, हे प्रवाशाने बसल्याबरोबर पाहून ठेवावे.)

समोरची काच निराळी. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून ती सांधलेली असते; तिला तडे जातात, पण ती जागची हलत नाही. ती करवतीने कडेकडेने कापावी लागते. त्या वेळी उडणाऱ्या काचेच्या भुकटीपासून अडकलेल्या माणसाचे डोळे व श्वास जपणे अगत्याचे होय.

दाराच्या फटीत घालावयाची पहार ही तरफच आहे. दीड मीटर लांबीच्या पहारेस टोकापासून ५ सेंटिमीटरवर टेकू दिल्यास यांत्रिक लाभ २९ येतो. ४०० न्यूटनचा जोर सुमारे ११,६०० न्यूटन होतो. परंतु हात ५८ सेंटिमीटर सरकतो तेव्हा टोक केवळ २ सेंटिमीटर उचलते. म्हणून मिळालेली प्रत्येक फट लाकडी ठोकळ्यांनी भरून मगच पुढे जावे, अन्यथा पहार निसटताच सारे पूर्ववत् होते. दाराचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. कुलपाजवळ नेमकी पकड न घेतल्यास दार उघडण्याऐवजी पत्राच फाटतो.

आसनपट्टा कापण्याच्या चिमट्यासारख्या अवजाराची धार आत दडलेली असते, जेणेकरून देहास इजा होऊ नये. पट्टा ताणलेला असेल तर तो तिरका व सहज कापला जातो. वाहन उलटले असल्यास मात्र आधी माणसास खालून आधार द्यावा. नाहीतर तो डोक्यावर पडून मानेस दुखापत होण्याचा संभव असतो.

पदार्थ आता झपाट्याने बदलत आहेत. नव्या मोटारींच्या मधल्या खांबातील बोरॉन पोलादाचे तन्यबल सुमारे १५०० मेगापास्कल असते. साधी लोखंडी करवत त्यावरून घसरते. बाजूच्या खिडक्यांतही सांधलेली काच येऊ लागली आहे. २०१९ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने तपासलेल्या सहा अवजारांपैकी चारांनी टेम्पर्ड काच फोडली. सांधलेली काच एकानेही फोडली नाही. काचेचा प्रकार बहुधा तिच्या कोपऱ्यावर बारीक अक्षरांत छापलेला असतो.