शिवेवरचा रस्ता कुणाचा?

काँक्रीट जिथं संपतं तिथं रस्त्यावर एक आडवी रेघ दिसते. अलीकडच्या गावानं आपल्या हद्दीपर्यंत रस्ता केला आणि शिवेच्या दगडापाशी नेमका थांबवला. पुढं दोनेकशे पावलं उखडलेली खडी, मधोमध डबकं, कडेला वेडी बाभळ. त्यानंतर पलीकडच्या गावाचे पेव्हर ब्लॉक सुरू होतात. शाळेची पोरं डबक्यापाशी सायकलवरून उतरतात, सायकल हातात धरून बांधावरून पलीकडं जातात आणि पुन्हा टांग मारतात. दूधवाला कॅन सांभाळत, पाय टेकत टेकत गाडी काढतो. दोन्हीकडच्या सरपंचांना विचारा, उत्तर एकच मिळेल : "तो तुकडा त्यांच्याकडं येतो."

असे तुकडे राज्यभर आहेत. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, शेकडो नगरपरिषदा आणि नगरपंचायती आहेत, शिवाय २९ महापालिका. जेवढ्या हद्दी, तेवढ्या कडा. लग्नातलं सीमांतपूजन आता कार्यालयाच्या हॉलमध्ये होतं, पण मुळात ते शिवेवरच व्हायचं. येणाऱ्या वऱ्हाडाला तिथंच सामोरं जायचे. ज्या जागी पाहुण्यांचं स्वागत व्हायचं, त्याच जागी आज रस्ता तुटतो, याचं मला फार वाईट वाटतं. कारण शेजारच्या दोन गावांनी खर्च वाटून घेणं वाटतं तेवढं अवघड नाही. त्याच्या आड येतात ते बहुतेक गैरसमज.

"दुसऱ्याच्या हद्दीत पैसा घातला तर ऑडिटमध्ये अडकू"

हा सगळ्यात घट्ट बसलेला समज. ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकतं आणि चर्चा तिथंच थांबते.

वस्तुस्थिती अशी की १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातच या गोष्टीची सोय आहे. दोन किंवा अधिक पंचायतींना, किंवा पंचायत आणि शेजारची दुसरी स्थानिक संस्था यांना, सामाईक कामासाठी संयुक्त समिती नेमता येते आणि त्या कामाचे अधिकार तिच्याकडं सोपवता येतात. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यातही अशा संयुक्त समित्यांना जागा आहे. राज्यघटनेनं तर ७४ व्या दुरुस्तीनंतर जिल्हा नियोजन समितीवर ही जबाबदारीच टाकली. जिल्ह्याचा आराखडा करताना पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताचे विषय, पाण्याचं आणि इतर नैसर्गिक साधनांचं वाटप, पायाभूत सोयींचा एकत्रित विकास या गोष्टी तिनं विचारात घ्यायच्या आहेत. ही दुरुस्ती १९९३ पासून लागू आहे.

मग ऑडिटचा आक्षेप येतो कशावर? तो येतो कागदावर. ग्रामसभेपुढं विषय आलाच नाही, मासिक सभेचा ठराव नाही, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता नाही, दोन पंचायतींमध्ये लेखी काहीच नाही आणि बिल मात्र निघालं. असा खर्च स्वतःच्या हद्दीत केला तरी आक्षेप येणारच. सरपंचांनी एकमेकांना फोनवर दिलेला शब्द ही मोठी गोष्ट आहे, पण लेखापरीक्षकाला तो दाखवता येत नाही.

निधीचा प्रकारही पाहावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीला मिळालेल्या पैशांपैकी ६० टक्के बंधित होते. ते पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. उरलेले ४० टक्के अबंधित; रस्त्याचं काम त्यातून करता येतं. त्यामुळं "खात्यावर एवढे लाख पडून आहेत, तरी रस्ता का होत नाही?" असा सवाल ग्रामसभेत विचारण्याआधी त्यातले अबंधित किती, ते विचारावं. ग्रामसेवकाला हे उत्तर देता येतं आणि त्यानं ते द्यायलाच हवं.

"रोड टॅक्स भरतो की आम्ही!"

भरता, पण तो गावाला किंवा महापालिकेला मिळत नाही. वाहनावरचा कर हा राज्याचा कर आहे, तो राज्याच्या तिजोरीत जातो. पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅटही तिकडंच. स्थानिक संस्थेच्या हातात मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, काही किरकोळ कर आणि वरून येणारी अनुदानं असतात. शेजारच्या गावाच्या गाड्या आपला रस्ता वापरतात म्हणून आपल्याला त्यांच्याकडून आपोआप काही मिळतं, असं अजिबात नाही. म्हणूनच तर आपसात बोलावं लागतं.

इथंच आणखी एक घोटाळा होतो. रस्ता गावातून जातो म्हणजे तो गावाचाच, असं नसतं. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं. कडेच्या दगडावर किंवा फलकावर 'प्रजिमा', 'इजिमा', 'ग्रामा' आणि पुढं आकडा लिहिलेला असतो, तो म्हणजे त्या रस्त्याचं आधार कार्ड समजा. ज्याला क्रमांक नाही तो खरा पोरका रस्ता. शिवरस्ते, पाणंदी, दोन वस्त्यांना जोडणाऱ्या वाटा बहुधा यातच मोडतात. मागणीचा कागद घेऊन जिल्हा परिषदेत गेलं की पहिला प्रश्न क्रमांकाचाच निघतो. दोन गावांनी एकत्र बसायचं ते अशाच रस्त्यांसाठी. ज्याचा क्रमांक आहे त्यासाठी आधी ज्याच्या ताब्यात तो आहे त्याला गाठावं.

"निम्मा-निम्मा केला की न्याय झाला"

हा समज प्रामाणिकपणातून येतो. भावाभावांत वाटणी होते तशी इथंही व्हावी, असं वाटतं. पण आकडे मांडून बघा. समजा, रस्ता २ किलोमीटरचा आहे. एका बाजूला ६,००० वस्तीचं मोठं गाव, दुसऱ्या बाजूला १,२०० वस्तीचं छोटं. रस्त्याचा दीड किलोमीटर छोट्या गावाच्या हद्दीत पडतो, कारण मोठ्या गावाची शीव जवळच संपते. लांबीप्रमाणे वाटलं तर छोट्या गावावर ७५ टक्के बोजा येतो. लोकसंख्येप्रमाणे वाटलं तर त्याच गावाच्या वाट्याला १७ टक्केही येत नाहीत. निम्मं-निम्मं केलं तर १,२०० माणसांच्या गावानं ६,००० माणसांच्या गावाइतकाच पैसा घालायचा. रस्ता एकच, गावं तीच, आणि हिशेब तीन.

यातला एकच बरोबर आणि बाकीचे चूक, असं म्हणता येत नाही. बाजाराला, शाळेला, दवाखान्याला कोण कुणाकडं जातं? उसाचे ट्रॅक्टर कुणाच्या शिवारातून निघतात? रस्ता खचतो तो मुख्यतः जड वाहनांनी. सायकलींनी आणि दुचाकींनी नाही. घरपट्टीतून कुणाची किती वसुली होते? हे सगळं टेबलावर यायला हवं. माझं स्वतःचं मत असं की लोकसंख्या आणि वसुली यांना जास्त वजन द्यावं आणि लांबीला कमी, कारण हद्द कुठून जाते हे आजच्या गावकऱ्यांनी ठरवलेलं नाही.

मोठ्या प्रमाणावर हे कसं चालतं याचं ठळक उदाहरण पुण्याचं आहे. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. बसच्या तुटीचा भार पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के असा उचलते. बस निगडीहून निघते आणि स्वारगेटला पोचते. मुळा नदी ओलांडताना कंडक्टर नवं तिकीट फाडत नाही. ६०-४० वरून कुरबुरी होतात, कुणाच्या भागात किती फेऱ्या यावरून सभागृहात आवाज चढतात. पण प्रमाण लिहिलेलं असल्यामुळं भांडण झालं तरी बस सुटते.

रस्त्यांचंही तसंच. मुळा नदी म्हणजे दोन महापालिकांची शीव. नदीवर अर्धा पूल बांधून चालत नाही. दापोडी आणि बोपोडी यांच्यामधल्या जुन्या हॅरिस पुलाशेजारी समांतर पूल झाला, त्याचं काम पिंपरी-चिंचवडनं केलं आणि खर्चाचा भार दोघांनी वाटून घेतला. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं आपला हिस्सा भरायचा, ही सरळ पद्धत आहे. दोघांनी दोन टोकांनी दोन ठेकेदार लावले असते तर मधे काय झालं असतं ते शिवेवरच्या डबक्यात दिसतंच.

"एकदा रस्ता झाला की विषय मिटला"

उद्घाटनाचा नारळ फुटतो आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. डांबराचा वैरी पाणी. साइडपट्टीवर गवत आणि माती साचून कड उंच झाली की पावसाचं पाणी बाहेर पडत नाही, ते रस्त्यावरच थांबतं. बारीक चिरेतून आत शिरतं, खालची खडी मोकळी करतं. त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली की पापुद्रा निघतो. ऑगस्टमध्ये तळहाताएवढा दिसणारा खड्डा दिवाळीपर्यंत परातीएवढा होतो. मोरीच्या तोंडाशी अडकलेल्या फांद्या आणि प्लॅस्टिक वेळीच काढलं असतं तर यातलं बरंचसं टळलं असतं. त्याला लागतात दोन माणसं, एक फावडं आणि एक दिवस.

पंतप्रधान ग्रामसडक योजनेत ठेकेदाराकडं रस्त्याच्या बांधकामाबरोबर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही असते, ती याच कारणानं. गावागावांतल्या करारात मात्र बांधकामाचा आकडा ठसठशीत लिहितात आणि देखभालीबद्दल एक ओळही नसते. सामाईक रस्ते बिघडतात ते इथं. बांधताना दोघेही मालक असतात, बुजवताना एकही नसतो.

"आज रस्त्यात भागीदारी, उद्या गाव शहरात"

शहराला लागून असलेल्या गावांत ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत गेली. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावं पुढं २०२४ मध्ये महापालिकेतून बाहेर काढण्यात आली. कोल्हापुरात उलट गोष्ट. तिथली महापालिका १९७२ ची, पण त्यानंतर अनेक दशकं हद्द वाढली नाही. हद्दवाढ म्हटलं की शेजारच्या गावांचा विरोध ठरलेला आणि शहराची तक्रार अशी की आमच्या सोयी वापरता, मग कर का नको? २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी शहर आणि ४२ गावं मिळून एक प्राधिकरण करण्यात आलं.

पण खर्चाचा करार आणि विलीनीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाव शहरात घ्यायचं तर राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते, हरकती-सूचना मागवाव्या लागतात. दोन संस्थांनी सही केलेल्या रस्त्याच्या करारानं हद्द तसूभरही हलत नाही. पीएमपीएमएल झाल्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड एक झाले का? दोन महापौर, दोन अंदाजपत्रकं, दोन सभागृहं तशीच राहिली. फ्रान्समध्ये तर सुमारे ३५ हजार कम्यून, म्हणजे तळाच्या स्थानिक संस्था, आहेत; त्यातली कितीतरी आपल्या वाडीएवढी. १८९० च्या कायद्यानं त्यांना सामाईक कामांसाठी मंडळं करायची मुभा मिळाली आणि आज तिथलं जवळपास प्रत्येक कम्यून शेजाऱ्यांच्या एखाद्या संयुक्त संस्थेत आहे. तरीही प्रत्येकाचा महापौर वेगळाच. शेजाऱ्याशी करार करणारं गाव उलट स्वतःच्या पायावर उभं राहतं, कारण "तुमच्याकडं सोयी नाहीत, म्हणून शहरात या" हे म्हणायला जागा उरत नाही.

"बाग आमची, गर्दी त्यांची"

रस्त्यापेक्षा बागेत माणसं जास्त दुखावतात. शेजारच्या वस्तीतली पोरं येऊन झोपाळा मोडतात, मग कुंपणाला कुलूप लागतं. पण बागेचा खर्च झोपाळा बसवण्यात फार नसतो. माळ्याचा पगार, पाणी, रखवालदार, दिव्यांचं बिल, गंजलेली साखळी बदलणं, हे दर महिन्याचं असतं. छोट्या पंचायतीला एकटीनं ते झेपत नाही, म्हणून दोन वर्षांत बागेचं माळरान होतं. शेजारच्या दोन वस्त्यांनी दोन अर्धमेल्या बागा सांभाळण्यापेक्षा एक नीट मैदान आणि एक नीट बाग वाटून घेणं केव्हाही बरं.

कॅलिफोर्नियात ओकलंड, बर्कली आणि शेजारच्या आणखी पाच गावांनी १९३४ मध्ये हेच केलं. महामंदीचे दिवस, माणसांच्या हाताला काम नव्हतं, आणि तेव्हा त्या सात गावांच्या मतदारांनी स्वतःवर नवा कर लावून घ्यायला सुमारे ७१ टक्के मतांनी होकार दिला. पाणीपुरवठ्याला नको असलेल्या डोंगरउतारांवर सामाईक उद्यानं करायची होती. पहिली तीन उद्यानं दोन वर्षांत उघडली. आज ती उद्यानं सांभाळणाऱ्या मंडळाकडं एक लाख एकरांहून जास्त जागा आहे. कुठल्या गावचा माणूस कुठल्या झाडाखाली बसला, हे तिथं कुणी विचारत नाही, कारण कर सगळ्यांनीच भरलेला असतो.

आपल्याकडं सुरुवात एका पानाच्या करारानं होऊ शकते. रस्ता कुठून कुठवर, कोण बांधणार, कोण किती टक्के देणार, पैसे कुठल्या तारखेपर्यंत आणि कुठल्या निधीतून येणार. काम कुणाच्या ठरावानं आणि किती तारखेच्या ग्रामसभेसमोर मांडून ठरलं. हिस्सा थकला तर काय करायचं आणि वाद झाला तर कुणाकडं जायचं. आणि त्याच पानावर, सह्यांच्या आधी, एक साधं कलम : दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शिवेवरची मोरी साफ करायची; सम वर्षी वरच्या गावानं, विषम वर्षी खालच्या.