लहान बिअर-उत्पादकांची संघटना आणि कराचा प्रश्न

बिअर तयार करण्याची कृती मुळात घरगुती आहे. मोड आणून भाजलेले सातू गरम पाण्यात भिजवून त्यांचा गोड अर्क काढावयाचा, त्यात हॉपच्या वाळलेल्या फुलांचा कडवटपणा उतरवावयाचा आणि थंड झालेल्या अर्कात यीस्ट सोडून तो आंबू द्यावयाचा. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून शतकानुशतके हे काम घरोघरी आणि पबच्या मागील अंगणात चालत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हा धंदा काही थोड्या कंपन्यांच्या हाती एकवटला. १९७० च्या सुमारास ब्रिटनमधील बिअरच्या बाजारावर सहा बड्या कंपन्यांचे वर्चस्व होते, आणि त्यांचे खरे बळ कारखान्यांपेक्षा पबांच्या मालकीत होते. कंपनीच्या मालकीचा पब चालविणाऱ्या भाडेकरूला त्याच कंपनीची बिअर विकावी लागे. उत्तम बिअर बनविणाऱ्या एखाद्या नवख्याला ती विकावयाची कोठे, हाच प्रश्न पडे.

या एकसुरीपणाविरुद्ध पहिला आवाज उठविला तो ग्राहकांनी. पिंपातच मुरणाऱ्या पारंपरिक बिअरच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये ‘कॅम्रा’ ही ग्राहक-चळवळ सुरू झाली. तिने निर्माण केलेल्या मागणीच्या आधारावर त्या दशकाच्या अखेरीस काही धाडसी माणसांनी लहान कारखाने काढले. त्यांपैकी पीटर ऑस्टिन यांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. हल येथील एका जुन्या बिअर-कारखान्यात आयुष्याची अनेक वर्षे काढलेल्या या गृहस्थांनी १९७८ मध्ये हॅम्पशायरमधील रिंगवुड या गावी स्वतःचा छोटा कारखाना उभारला, आणि पुढे देशोदेशींच्या नवोदितांना असे कारखाने उभारून देण्याचा जणू सपाटाच लावला.

१९८० मध्ये या मंडळींनी ‘स्मॉल इंडिपेंडंट ब्रुअर्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. आद्याक्षरांवरून ती ‘सिबा’ म्हणून ओळखली जाते. ऑस्टिन हे तिचे पहिले अध्यक्ष. धंद्याची जुनी प्रातिनिधिक संस्था अस्तित्वात होतीच; परंतु तिच्यात बड्या कंपन्यांचा शब्द चाले, आणि लहानांचे हित त्यांच्या हिताशी जुळणारे नव्हते. नव्या संघटनेची मुख्य मागणी एकच होती: अबकारी कर कारखान्याच्या आकारमानानुसार आकारला जावा.

ही मागणी नीट समजण्यासाठी कराची पद्धत पाहिली पाहिजे. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर रद्द करून तो तयार होणाऱ्या बिअरवर बसविला. हा कर आंबविण्यापूर्वीच्या गोड अर्काच्या घनतेवरून ठरे आणि पुढे वाया जाणाऱ्या भागासाठी सरसकट सहा टक्के सूट मिळे. ज्याची यंत्रसामग्री अद्ययावत, त्याचा माल सहा टक्क्यांहून कमी वाया जाई आणि तेवढी बिअर करमुक्त होई. ज्याची नासाडी अधिक, त्याला न विकलेल्या बिअरवरही कर भरावा लागे. ही पद्धत जून १९९३ मध्ये बंद झाली आणि तयार मालातील मद्यार्कावर कर आकारला जाऊ लागला. मूळ अडचण तरीही राहिलीच. दहा पिंपांचे भांडे घासावयास आणि हजार पिंपांचे भांडे घासावयास लागणाऱ्या श्रमांत शंभरपटींचा फरक नसतो. लहान कारखान्यात दर लिटरमागे येणारा खर्च अपरिहार्यपणे जास्त. त्यावर कर मात्र दोघांना सारखाच. कागदावर समान दिसणारा हा कर प्रत्यक्षात लहान उत्पादकाला अधिक जड जात असे.

संघटनेपुढे बव्हेरियाचे उदाहरण होते. तेथे लहान कारखान्यांना कमी दराने कर भरावा लागे आणि गावोगावी कारखाने टिकून होते. १९९२ च्या युरोपीय निर्देशाने वर्षाला दोन लक्ष हेक्टोलिटरपर्यंत उत्पादन करणाऱ्यांना करात निम्म्यापर्यंत सवलत देण्याची मुभा सदस्य देशांना दिली. ब्रिटिश सरकारने या मुभेचा उपयोग करण्यास आणखी दहा वर्षे लावली. मधल्या काळात, १९९५ मध्ये, संघटनेने आपल्या नावातील ‘स्मॉल’ हा शब्द गाळून ‘सोसायटी ऑफ इंडिपेंडंट ब्रुअर्स’ असे नाव घेतले. आद्याक्षरे मात्र तीच ठेवली. काही सभासद आता फारसे लहान राहिले नव्हते, हे त्यामागील साधे कारण असावे.

पबांच्या आघाडीवर काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. मक्तेदारी आयोगाच्या १९८९ च्या अहवालानंतर सरकारने आदेश काढला: दोन हजारांहून अधिक पब असणाऱ्या उत्पादकांनी त्यावरील पबांपैकी निम्मे बंधनमुक्त करावेत आणि त्यांच्या बांधील भाडेकरूंना बाहेरच्या कारखान्याची पिंपातली एक बिअर घेऊ द्यावी. लहान उत्पादकांच्या आशा पल्लवित झाल्या. परंतु बड्या कंपन्यांनी आपले पब मोठ्या प्रमाणावर विकून टाकले, आणि ते घेणाऱ्या नव्या कंपन्या स्वतः बिअर बनवीत नसल्यामुळे त्यांना आदेश लागूच पडेना. भाडेकरू पूर्वीसारखाच बांधलेला राहिला. फक्त मालक बदलला. २००३ मध्ये तो आदेशही मागे घेण्यात आला. या नव्या कंपन्यांना शेकडो लहान पुरवठादारांशी वेगवेगळा हिशेब ठेवणे नको होते. तेव्हा संघटनेनेच मध्यस्थी पत्करली: माल उत्पादकाने जवळच्या पबात स्वतः पोचवावा आणि बिलांची कामे संघटनेमार्फत एकत्र व्हावीत.

अखेर १ जून २००२ पासून अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्या अंदाजपत्रकानुसार श्रेणीबद्ध कर लागू झाला. वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत बिअर बनविणाऱ्यास निम्माच कर पडू लागला. त्यापुढील वाढीव उत्पादनावर पूर्ण दर असे. पहिल्या भागावरील सवलत मात्र कायम राही. सवलतीची कमाल मर्यादा आरंभी ३०,००० हेक्टोलिटर होती. २००४ मध्ये ती ६०,००० करण्यात आली. संघटनेची बावीस वर्षांची मागणी मान्य झाली, आणि पुढील दीड दशकात ब्रिटनमधील बिअर-कारखान्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली.

या यशातूनच नवा वाद उपजला. ३०,००० पासून ६०,००० पर्यंत वाढणाऱ्या कारखान्याची सवलत हळूहळू काढून घेतली जात असे. म्हणजे प्रत्येक जादा पिंपावर पूर्ण कराहूनही अधिक बोजा पडे. मध्यम उत्पादकांचे म्हणणे असे की, हा वाढीवरचा दंड आहे, आणि अगदी लहान उत्पादक सवलतीच्या जोरावर दर पाडतात. या दुसऱ्या आक्षेपात तथ्य होते, परंतु दोष केवळ उत्पादकांचा नव्हता. सवलतीचा बराच भाग पबांच्या कंपन्या कमी भावाच्या रूपाने स्वतःकडे ओढून घेत. जुलै २०२० मध्ये सरकारने निम्म्या कराची मर्यादा ५,००० वरून २,१०० हेक्टोलिटरवर आणण्याचा मनोदय जाहीर केला तेव्हा, महासाथीमुळे पबांचा धंदा आधीच विस्कळीत झालेला असताना, संघटनेला आपल्या सर्वांत लहान सभासदांसाठी पुन्हा लढा द्यावा लागला. १ ऑगस्ट २०२३ पासून सगळी रचनाच बदलली. सवलत आता शुद्ध मद्यार्काच्या वार्षिक परिमाणावर मोजली जाते, सफरचंदापासून सायडर बनविणाऱ्यांनाही ती मिळते आणि तिची उतरण पूर्वीपेक्षा सौम्य आहे.

पीटर ऑस्टिन २०१४ च्या पहिल्या दिवशी वारले. त्यांचा रिंगवुडचा कारखाना २००७ मध्येच मार्स्टन्स या मोठ्या कंपनीने विकत घेतला होता. तेथील उत्पादन जानेवारी २०२४ मध्ये बंद करण्यात आले.