रोज एक आकृती

नित्यनियम हा शब्द जैन घरांना नवा नाही. पहाटेचे सामायिक, नवकारशीचे पच्चक्खाण, देरासरात अक्षतांनी रेखलेला स्वस्तिक आणि दुकान वाढविण्यापूर्वी रोजकीर्दीचा मेळ, यांपैकी एकही गोष्ट मनाच्या लहरीवर सोडलेली नसते. ज्या त्या दिवशी ती व्हावीच लागते. कलेच्या बाबतीत मात्र आपण स्फूर्तीची वाट पाहत बसतो. स्फूर्तीची वाट न पाहता केवळ नियमाच्या बळावर काय घडू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेत पाहावयास मिळते.

व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथील नोआ स्केलिन हे व्यवसायाने ग्राफिक डिझायनर. ४ जून २००७ रोजी त्यांनी नारिंगी कागद कापून मानवी कवटीची आकृती तयार केली आणि अशा ३६५ आकृत्या करण्याचा संकल्प जाहीर केला. रोज एक आकृती करावयाची आणि ती इंटरनेटवर लोकांसमोर ठेवावयाची. विषय कायम, साधन मात्र निरनिराळे. कागदापासून कलिंगडापर्यंत हाताशी येईल त्या वस्तूतून तीच आकृती साकारत गेली आणि वर्षाअखेर संकल्प पूर्ण झाला.

कवटी हे चिन्ह आपल्याकडे अशुभ मानले जाते. युरोपीय कलेत मात्र त्याला जुनी परंपरा आहे. सतराव्या शतकातील डच चित्रकार फुले, फळे आणि मौल्यवान भांडी यांच्याजवळच कवटी, वाळूचे घड्याळ किंवा विझलेली मेणबत्ती रंगवीत. वैभव टिकणारे नाही, याची ती आठवण असे. बारा भावनांतील पहिली अनित्य भावना ज्यांच्या चिंतनात आहे, त्यांना हा आशय परका वाटू नये.

या उपक्रमाचे मर्म मर्यादेत आहे. चौदा नियम धारण करणारा श्रावक दिवसभरात किती द्रव्ये, किती वस्त्रे, किती वाहने वापरावयाची, हे सकाळीच ठरवितो. एकदा सीमा आखली की मनाची धावाधाव थांबते. येथेही ‘काय करावे’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला होता. उरला तो ‘कशातून करावे’ एवढाच. त्यामुळे घरातील साधी वस्तूही नव्या दृष्टीने पाहणे भाग पडले. शिवाय काम त्याच दिवशी संपवावयाचे असल्याने निर्दोषतेचा हट्ट धरून चालणार नव्हते. एखादी आकृती साधारण उतरली, तरी दुसऱ्या दिवशी पान कोरेच असे.

या आकृत्यांचे पुस्तक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे स्केलिन यांनी इतरांना असा वर्षभराचा उपक्रम करता यावा म्हणून मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. २०१६ मध्ये व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या व्यवसाय-शिक्षण विभागाने त्यांना आपले पहिले निवासी कलावंत म्हणून निवडले. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना कलावंताची संगत का हवी, हे व्यापाऱ्यास सांगावे लागू नये. तोच माल आणि तीच पेठ असताना नवा मार्ग शोधणे, हीच तर व्यापारातील रोजची परीक्षा असते.

आपल्या अनेक घरांत गादीवर बसू लागलेल्या मुलाची चित्रांची वही कपाटात जाते आणि सुनेची रांगोळी दिवाळीपुरती उरते. ‘सवड मिळाली की करू’ असे म्हणता म्हणता वर्षे सरतात. वर्षभराचा संकल्प जड वाटत असेल, तर चातुर्मासातील एक महिना पुरे आहे. कवटीचाही आग्रह नाही. अष्टमंगलातील कलश किंवा मीनयुगल निवडावे आणि ते कधी धान्यातून, कधी दोऱ्यातून, कधी दुकानातील रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून साकारावे. रात्री हिशेब मिटविताना आकृतीपुढे तारीख घालावी. महिनाअखेर तीस आकृत्या जमा असतील. त्यांतील सगळ्याच सुंदर नसतील, पण त्या महिन्यातील एकही दिवस कोरा गेलेला नसेल.