मासिकांच्या पानांवरून कथा का मागे सरली?

वाराणसी : हिंदी-उर्दू कथेचे अध्वर्यू मुन्शी प्रेमचंद यांचे ८ ऑक्टोबर १९३६ रोजी सकाळी वाराणसीत निधन झाले. मणिकर्णिका घाटावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले, तेव्हा अंत्ययात्रेत जेमतेम वीस-पंचवीस माणसे होती. वाटेत कोणी चौकशी केली असता, मृत व्यक्ती शाळामास्तर होती, एवढेच त्याला सांगण्यात आले, अशी नोंद प्रेमचंद यांचे पुत्र अमृतराय यांनी ‘कलम का सिपाही’ या चरित्रात केली आहे.

ज्या लेखकाला त्याच्याच शहरातील गल्ली ओळखत नव्हती, त्याच्या सुमारे तीनशे कथांपैकी बहुतेक कथा तोवर उत्तर भारतातील सुशिक्षित घरांत पोहोचल्या होत्या. त्या पोहोचविल्या मासिकांनी. कथेला अनोळखी घरात नेणारी ही व्यवस्था पुढील साठ वर्षांत हिंदीत आणि मराठीतही खिळखिळी झाली. कथालेखन थांबलेले नाही. पण सर्वसाधारण वाचकाच्या मासिकातील तिची हक्काची जागा गेली आहे. ती का गेली, हे समजून घेण्यासाठी ती मुळात कशी मिळाली होती, हे पाहावे लागते.

इतर मजकुराच्या सोबतीने

अलाहाबादच्या इंडियन प्रेसने १९०० मध्ये सुरू केलेले ‘सरस्वती’ हे कथांचे मासिक नव्हते. महावीरप्रसाद द्विवेदी यांच्या संपादकत्वाखाली त्यात इतिहास, विज्ञान, प्रवास, चरित्र, भाषाचर्चा असा नाना प्रकारचा मजकूर येत असे. त्याच मासिकात १९१५ मध्ये चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ आणि १९१६ मध्ये प्रेमचंद यांची ‘पंच परमेश्वर’ ही कथा प्रसिद्ध झाली. स्त्रियांचे प्रश्न आणि समाजसुधारणा यांना वाहिलेल्या ‘चांद’ने १९२५-२६ मध्ये ‘निर्मला’ ही कादंबरी क्रमशः छापली, तर एप्रिल १९३६ मध्ये ‘कफन’ ही कथा हिंदी वाचकांसमोर आणली. जयशंकर प्रसाद यांची पहिली कथाही बनारसहून निघणाऱ्या ‘इंदु’ मासिकातच आली.

मराठीतील चित्र फारसे वेगळे नव्हते. हरि नारायण आपटे यांचे ‘करमणूक’ १८९० मध्ये, तर काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ १८९५ मध्ये सुरू झाले. १९२० मध्ये कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे शंकरराव किर्लोस्कर यांनी घराघरांतील मासिकात रूपांतर केले, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडे त्याला येऊन मिळाली. या अंकांत उद्योग, आरोग्य, विवाह, विज्ञाननिष्ठा या विषयांच्या शेजारी कथा असे.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. वर्गणीदार केवळ कथेसाठी पैसे भरत नव्हता. कोणी लेखासाठी, कोणी चित्रांसाठी, कोणी पाककृतीसाठी अंक घेई आणि घरात आलेली कथा मात्र सगळेच वाचत. कथेचा खर्च इतर मजकूर आणि जाहिराती वाटून घेत असत.

‘हंस’चा अनुभव

हा आधार काढून घेतला की काय होते, हे प्रेमचंद यांनीच अनुभवले. १९२३ मध्ये त्यांनी बनारसमध्ये सरस्वती प्रेस काढला आणि मार्च १९३० मध्ये ‘हंस’ हे साहित्याला वाहिलेले मासिक सुरू केले. १९३२ मध्ये ‘जागरण’ या साप्ताहिकाची जबाबदारीही घेतली. दोन्ही पत्रे तोट्यात चालली. हे कर्ज फेडण्याच्या आशेने १९३४ मध्ये ते मुंबईला अजंठा सिनेटोन या चित्रपट कंपनीसाठी लिहावयास गेले आणि वर्षभरातच परतले. १९३५ मध्ये ‘हंस’ भारतीय साहित्य परिषदेचे मुखपत्र झाले. विविध भारतीय भाषांतील लेखन हिंदीत आणण्याचा तो प्रयत्न होता. परिषदेचे अधिवेशन एप्रिल १९३६ मध्ये नागपुरात भरले. परंतु सरकारने जामीन मागताच परिषदेने मासिक बंद करण्याचे ठरविले, तेव्हा आजारी प्रेमचंद यांनी ते पुन्हा आपल्याकडे घेतले.

त्यांच्या निधनानंतर ‘हंस’चा स्मृती अंक मे १९३७ मध्ये निघाला. त्याचे संपादन काशीतील मराठी कुटुंबात जन्मलेले, ‘आज’ या दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर यांनी केले. पुढे बंद पडलेले ‘हंस’ राजेंद्र यादव यांनी ३१ जुलै १९८६ रोजी, प्रेमचंद जयंतीच्या दिवशी, दिल्लीहून पुन्हा सुरू केले.

वाटा का फुटल्या?

स्वातंत्र्यानंतर काही दशके जुनी व्यवस्था टिकली. धर्मवीर भारती यांनी १९६० पासून १९८७ पर्यंत संपादित केलेल्या ‘धर्मयुग’ साप्ताहिकात राजकारण, क्रीडा, चित्रपट आणि कथा एकत्र नांदत होत्या. तो अंक नव्वदच्या दशकात बंद पडला. ‘सारिका’ आणि ‘साप्ताहिक हिंदुस्तान’ यांचेही प्रकाशन याच सुमारास थांबले. ‘कादंबिनी’ २०२० मध्ये बंद झाले.

याचे एक कारण दूरचित्रवाणी होय. १९८४ मध्ये ‘हम लोग’ मालिका आली आणि पुढील भागाची वाट पाहण्याचे सुख अंकाकडून पडद्याकडे गेले. दुसरे कारण जाहिरातीचे. रंगीत पुरवण्या काढणाऱ्या वृत्तपत्रांनी आणि पुढे खासगी वाहिन्यांनी मासिकांचा जाहिरातदार ओढून घेतला. पाने घटवण्याची वेळ आली, तेव्हा पाच-सहा पाने व्यापणारी आणि कोणत्याही बातमीशी न जोडलेली कथा पहिल्यांदा वगळली गेली. तिसरे कारण विशेषीकरणाचे. आरोग्य, अर्थ, पर्यटन यांची वेगळी नियतकालिके निघू लागली. त्यामुळे सर्वांना थोडे थोडे देणारा, घरातील सर्वांनी मिळून वाचायचा अंकच मागे पडला.

दिवाळी अंकांचा आधार

मराठी कथेला यातून ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये घातलेल्या पायंड्याने तारले. दिवाळी अंकांतून आजही दरवर्षी कथा प्रसिद्ध होतात. मात्र वर्षभराचे लेखन एकाच महिन्यात येते आणि शेकडो अंकांच्या गर्दीत विरून जाते. नवोदित लेखकाला पहिल्या कथेवरील प्रतिसाद पाहून दोन महिन्यांत दुसरी पाठविण्याची संधी राहत नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथे’त कथा परत पाठवून, पत्रे लिहून लेखक घडविले. ते मासिक १९८२ मध्ये बंद झाले. महिन्यामागून महिना चालणारा तो संवाद वार्षिक अंकाला साधणे कठीण आहे. अमेरिकेत ‘द अटलांटिक’ने २००५ मध्ये दरमहा कथा छापणे थांबवून वार्षिक कथाविशेषांकाची वाट धरली होती, त्यावरून हा प्रवाह केवळ भारतीय नाही हे दिसते.

तरीही ही घसरण अटळ म्हणता येत नाही. मल्याळममधील ‘मातृभूमी’ साप्ताहिक, बंगालीतील ‘देश’ आणि अमेरिकेतील ‘द न्यू यॉर्कर’ यांनी चालू घडामोडींच्या शेजारी कथेची जागा राखली आहे. तेथे कथा अंकाचा नियमित भाग असल्याने वाचकही तिची अपेक्षा ठेवतो.

संकेतस्थळे आणि श्राव्य मंचांवर कथा आज उपलब्ध आहेत; परंतु तेथे बहुधा कथा शोधणाराच पोहोचतो. पाककृतीसाठी अंक उघडणाऱ्या गृहिणीला किंवा नोकरीच्या लेखासाठी पाने चाळणाऱ्या तरुणाला नकळत कथा भेटण्याची शक्यता तेथे कमी असते. मराठी कथेचा वाचक मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने घडला होता. म्हणूनच साप्ताहिके आणि रविवारच्या पुरवण्यांनी प्रत्येक अंकात एका कथेला निश्चित जागा आणि लेखकाला मानधन दिले, तर नवा वाचक मिळण्याचा तो मार्ग पुन्हा खुला होऊ शकेल.